५८, ६२ की ६८ इंच? तुर्भ्याच्या गाळ्यात पारखलेली पारंपरिक धनुष्ये

ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात पारंपरिक धनुष्य हातात घेऊन, ओढून पाहून आणि चार बाण सोडून मग विकत घेता येईल अशी ठिकाणे शोधावीच लागतात. बहुतेक जण संकेतस्थळावरचे छायाचित्र पाहून मागणी नोंदवतात. ते धनुष्य आपल्या हाताला जड आहे की आखूड, हे खोके उघडल्यावर कळते आणि तोवर दोरी चढवून झालेली असल्याने दुकानदार ते परत घ्यायला तयार नसतो. म्हणून तुर्भ्याच्या एमआयडीसीतील एका गाळ्यात चालणाऱ्या धनुर्विद्या-साहित्याच्या दुकानाविषयी थोडे सविस्तर लिहिते आहे. दुकान लहान आहे आणि पुढे काही उणिवाही सांगायच्या आहेत, त्यामुळे नाव घेत नाही. ठाण्याहून वाशी किंवा नेरूळ-पनवेलकडे जाणारी लोकल पकडून तुर्भे स्थानकात उतरले की रिक्षाने पोहोचता येते. पुढच्या अर्ध्या भागात काउंटर आणि दुरुस्तीचे टेबल आहे, तर मागे एकाच माणसाला उभे राहता येईल अशी लांबट पट्टी असून तिच्या टोकाला दाबलेल्या फोमचे जाड बट, म्हणजे बाण रुतवायचे लक्ष्य, लावलेले आहे. या पट्टीमुळेच दुकानाला महत्त्व आहे.

घोडबंदर रस्त्याला राहणाऱ्या माझ्या भाच्याला धनुष्य घ्यायचे होते आणि त्याने घरूनच निर्णय करून ठेवला होता: ५८ इंची, एकसंध, ४५ पौंडांचे (म्हणजे पुरते ओढायला तेवढा जोर लागणारे) 'हंटिंग' रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले शिकारी धनुष्य. अमेरिकी चित्रफिती पाहणाऱ्या मुलांची मागणी हल्ली अशीच असते. ती ऐकून मालकांनी नाक मुरडले नाही किंवा लगेच कपाटही उघडले नाही. "मॅडम, त्याला ओढून बघू दे, मग बोलू," एवढेच ते म्हणाले आणि त्यांनी तीन धनुष्ये काढून ठेवली: त्याला हवे असलेले ५८ इंची रिकर्व्ह, तीन भागांत सुटे होणारे ६२ इंची रिकर्व्ह आणि ६८ इंची लाँगबो, म्हणजे सरळ टोकांचे लांब धनुष्य.

या तिघांविषयी बोलण्याआधी 'शिकारी' या बिरुदाचा अर्थ लक्षात घ्यायला हवा, कारण लांबीचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. अमेरिकेत हरणाची शिकार धनुष्याने करणे कायदेशीर आहे. तिथला शिकारी झाडावर बांधलेल्या मचाणावर किंवा जमिनीवरच्या आडोशात तासन्‌तास बसतो, झुडपांमधून वाट काढतो आणि जनावर अगदी जवळ आल्यावर बहुधा एकच बाण सोडतो. लांब धनुष्याचे टोक फांदीला किंवा मचाणाच्या कठड्याला अडकते, म्हणून त्याला आखूड धनुष्य लागते. बाण खोल घुसावा म्हणून जोर लागतो, आणि अनेक राज्यांच्या नियमांत हरणासाठी किमान ताकद ठरवून दिलेली असते, ती साधारणपणे ३० ते ४० पौंडांच्या दरम्यान असते. बेअर कंपनीचे ग्रिझली ५८ इंचांचे, सुपर कोडियाक ६० इंचांचे आणि कोडियाक मॅग्नम तर अवघ्या ५२ इंचांचे आहे, ते याच गरजांमुळे. यातली एकही गरज तुर्भ्याच्या गाळ्यात, ठाण्याच्या मैदानात किंवा एखाद्या क्लबच्या रेंजवर उद्भवत नाही. तिथे माणूस सरळ उभा राहतो, डोक्यावर फांदी नसते आणि एका बैठकीत अनेक बाण सोडायचे असतात.

आपल्याकडे शिकारीचा प्रश्नच नाही, हेही स्पष्टच सांगते, कारण 'रानडुक्कर तर चालतं ना?' असे विचारणारी मंडळी भेटतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे आणि शिकारीचा प्रयत्न करणे हीसुद्धा त्या कायद्याच्या व्याख्येत शिकारच ठरते. त्याच कायद्यातील 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा स्पष्ट उल्लेख आहे आणि मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीवाचून शस्त्र घेऊन अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिरता येत नाही. ठाणेकरांसाठी याचा थेट अर्थ असा की रविवारी सकाळी येऊरला फिरायला जाताना धनुष्याची पिशवी घरीच ठेवावी, कारण येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे. हे दुकान धारदार पात्यांची शिकारी टोके ठेवत नाही. भाच्याने विचारल्यावर मालकांनी "ती आपल्याकडे मिळत नाहीत आणि मागवूनही देणार नाही" असे स्वच्छ सांगितले. मला हे आवडले.

शिकार वगळली तरी या प्रकारच्या धनुष्याचे आकर्षण उरतेच. त्याला साइट (नेम धरायची खूण) नसते, स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारा दांडा) नसतो, चाके-कप्प्या नसतात. बाण मुठीवरच्या लाकडी शेल्फवरून (बाण टेकवायच्या कठड्यावरून) सुटतो आणि नेम नजरेने धरायचा असतो. जागतिक तिरंदाजी महासंघाच्या फील्ड आणि थ्री-डी प्रकारांत अशा धनुष्यांसाठी बेअरबो (साइटविना), ट्रॅडिशनल आणि लाँगबो असे गटही आहेत, म्हणजे नुसता छंद म्हणून नव्हे तर स्पर्धा म्हणूनही त्याला जागा आहे. पण मग लांबी ठरवायची ती जंगलाच्या हिशेबाने नव्हे, आपल्या ड्रॉ लेंथच्या, म्हणजे आपण दोरी किती लांब ओढतो त्याच्या, हिशेबाने.

ती मोजण्याची पद्धत या दुकानात नीट आहे. भाच्याला भिंतीला पाठ लावून दोन्ही हात फैलावायला सांगितले आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत टेप धरली. अंतर ६८ इंच भरले. त्याला अडीचने भागले की २७.२ इंच येतात. हा झाला ढोबळ अंदाज. त्यानंतर त्याच्या हातात अगदी हलके, शिकाऊ धनुष्य देऊन इंचांच्या खुणा असलेला लांब बाण ओढायला लावला. हनुवटीच्या कोपऱ्याशी अँकर, म्हणजे ओढलेला हात टेकवायची जागा, स्थिर झाल्यावर प्रत्यक्ष आकडा निघाला साडेसव्वीस. हा फरक नेहमीचाच आहे. पारंपरिक पद्धतीने बाण सोडणारे लोक धनुष्याचा हात कोपरात किंचित सैल ठेवतात आणि मान थोडी पुढे झुकवतात, त्यामुळे ओढ पाऊण-एक इंचाने कमी भरते. भागाकारावर न थांबता खुणांचा बाण ओढायला लावणारे दुकान मिळाले तर तिथेच खरेदी करावी, असे माझे मत आहे.

आता या साडेसव्वीसचा अर्थ. धनुष्याच्या लिम्बवर, म्हणजे वाकणाऱ्या भुजेवर, ताकद लिहिलेली असते ती २८ इंच ओढीला. आणि हे २८ इंचसुद्धा मुठीच्या सर्वांत खोल बिंदूपासून दोरीपर्यंतचे अंतर अधिक पावणेदोन इंच, अशा ठरलेल्या रीतीने मोजतात. ओढ एक इंचाने कमी झाली की साधारण अडीच पौंड कमी होतात. म्हणजे ४५ पौंडांचे धनुष्य माझ्या भाच्याच्या हातात ४१ पौंडांच्या आसपास भरणार आणि पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईच्या हातात त्याहूनही बरेच खाली येणार. उलट, लांब हातांच्या माणसाच्या हाती तेच धनुष्य छापील आकड्याच्या वर जाते. लिम्बवरचा आकडा पाहून घासाघीस करणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

लांबीचे गणितही इथेच बदलते. २८-२९ इंच ओढणाऱ्या उंच माणसासाठी ६२ इंच हे आखूड, शिकारी मापाचे धनुष्य ठरते, आणि तो रेंजवर ६६ किंवा ६८ घेतो. पण आपल्याकडच्या पाच फूट चार ते सात इंच उंचीच्या माणसाची ओढ बहुधा पंचवीस ते सत्तावीस इंचांत बसते. त्याच्या हातात ६२ इंची धनुष्य आखूड राहत नाही, ते मधल्या मापासारखे वागते. परदेशी तक्ते जसेच्या तसे वाचून '६२ म्हणजे शिकाऱ्यांचे, मला नको' असे म्हणणाराही फसतो आणि '७० घेतले तर जास्त अचूक' असे म्हणणाराही फसतो. ओढ कमी असलेल्या माणसाच्या हाती फार लांब धनुष्य पुरते वाकतच नाही, त्यामुळे बाण मंद सुटतो.

५८ इंची रिकर्व्हपासून सुरुवात केली. दिसायला देखणे, गडद लाकडाचा रायझर (मुठीचा मधला भाग), तकाकी असलेले लिम्ब, आणि हातात घेतले की खेळण्यासारखे हलके. आखूड धनुष्य शेवटच्या इंचांत 'स्टॅक' होते, म्हणजे दोरी आणि लिम्बच्या टोकामधला कोन काटकोनाकडे सरकू लागला की प्रत्येक इंचाला लागणारा जोर एकाएकी वाढतो, हे सर्वत्र सांगितले जाते. म्हणून मला वाटले होते की इथेच निकाल लागेल. पण मालकांनी दोरीला हुक लावून तराजूवर ते ओढून दाखवले तेव्हा चित्र निराळे दिसले. पंचविसाव्यापासून सव्विसाव्या इंचापर्यंत सुमारे अडीच पौंड वाढले, पुढच्या इंचाला तीन, आणि खरी उडी दिसली ती सत्तावीसच्या पलीकडे. म्हणजे साडेसव्वीस ओढणाऱ्याला स्टॅकची फारशी भीती नव्हती. ५८ इंची धनुष्य आमच्यासारख्यांना ओढता येत नाही, असे म्हणणे बरोबर नाही.

अडचण बोटांशी होती. धनुष्य जितके आखूड, तितका पूर्ण ओढीला दोरीचा कोन अरुंद होतो आणि बाणाच्या वर एक, खाली दोन अशी धरलेली बोटे एकमेकांवर चेपली जातात. काही बाणांनंतर भाच्याने टॅब (बोटांना लावायची संरक्षक पट्टी) काढून दाखवली, तेव्हा अनामिकेच्या पहिल्या पेरावर दोरीची आडवी, लालसर खूण उठली होती आणि मधल्या बोटाने नॉक (दोरीत बसणारी बाणाची खाच) दाबला जाऊन बाण शेल्फवरून उचलला जात होता. दुसरी अडचण वजनाची. हलके धनुष्य मुठीच्या किंचित पिळानेसुद्धा फिरते. त्याचे बाण डावीकडे-उजवीकडे पसरत होते, वर-खाली नव्हे, आणि त्याचे कारण बटापाशी उभे राहिल्यावर लगेच लक्षात येत होते: प्रत्येक वेळी बाण सुटताना धनुष्याचे वरचे टोक चुकार बैलाच्या मानेसारखे एका बाजूला झटका देत होते. मुरलेला धनुर्धारी हे आवरतो. ४१ पौंड ओढताना ज्याचा खांदा कानाला टेकतो आहे, त्याला ते आवरत नाही. या धनुष्याला मी वाईट म्हणणार नाही. पण ज्या कामासाठी ते बनवले आहे ते काम इथे करायचे नाही, आणि त्या कामासाठी केलेल्या तडजोडींची किंमत मात्र प्रत्येक बाणाला मोजावी लागते.

तीन भागांचे ६२ इंची रिकर्व्ह हे तुलनेने रुक्ष दिसते. मधला लाकडी रायझर, वर-खाली मेपलच्या पट्ट्यांवर फायबरग्लास चढवलेले काळे लिम्ब, आणि ते घट्ट करायला हाताने फिरवता येतील असे दोन बोल्ट. या घडणीला कोरियाच्या सॅमिक कंपनीच्या 'सेज' या धनुष्याने इतकी लोकप्रियता मिळवून दिली की आज बाजारात तिच्या वळणाची किती तरी धनुष्ये मिळतात. सेजचे लिम्ब २५ पौंडांपासून ६० पौंडांपर्यंत, पाच-पाच पौंडांच्या टप्प्याने येतात, आणि खरा फायदा इथेच आहे. रायझर तोच ठेवून आज २५ पौंडांचे लिम्ब लावायचे, पाठीचे स्नायू तयार झाले की ३० किंवा ३५ चे घ्यायचे. एकसंध धनुष्यात ही सोय नाही, तिथे ताकद बदलायची म्हणजे धनुष्यच बदलायचे.

तराजूवर याची वाढ २८ इंचांपर्यंत जवळजवळ एकसारखी होती. बोटांची चेपाचेप अगदी नाहीशी झाली नाही, पण टॅबखाली जाणवेल इतकीच राहिली. रायझर जड असल्यामुळे धनुष्य हातात स्थिर राहिले आणि त्याच भाच्याचे बाण तेवढ्याच अंतरावर निम्म्या जागेत येऊ लागले. अर्थात यातला काही भाग लांबीचा नव्हे, कमी ताकदीचा होता, कारण मालकांनी मुद्दाम ३० पौंडांचे लिम्ब लावले होते. तुलना जवळपास समान पातळीवर यावी म्हणून ४० चे लिम्ब लावून दाखवा, असे मी सांगितले. ते काढून लावायला काही मिनिटेच लागली. बाण पुन्हा थोडे पसरले, तरी ५८ इंचीइतके नाही. मुठीचा आकार मात्र मला आवडला नाही. तो भल्या मोठ्या पंजासाठी केलेला असावा. माझ्यासारख्या लहान हाताच्या बाईला अंगठ्याचा तळवा त्यावर नीट टेकवता येत नाही, आणि दुकानात त्यावर चामडे गुंडाळून माप कमी-जास्त करून देण्याची सोय नाही. रायझरमध्ये पितळी बुशिंग बसवलेले असल्याने पुढे प्लंजर (बाणाला बाजूने टेकू देणारी स्प्रिंगची खीळ) किंवा साइट लावता येते. ज्याला अजून बेअरबो की साइटसह रिकर्व्ह हे ठरवायचे आहे, त्याच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे.

शिवाय हे धनुष्य पिशवीत मावते. ही बाब कोणत्याही परदेशी परीक्षणात वाचायला मिळणार नाही, पण सकाळी साडेआठला ठाणे स्थानकावर ६८ इंची, म्हणजे पाच फूट आठ इंचांची, एकसंध वस्तू घेऊन उभे राहिल्यावर तिचे महत्त्व कळते. लोक ती वस्तू काय आहे हे विचारतात, पोलीस विचारतात, आणि दरवाजाच्या वरच्या कडेला तिचे टोक आपटते ते वेगळेच. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्येही ती तिरकी धरावी लागते.

असे असूनही त्या तिघांत मला स्वतःला सर्वांत आवडला तो लाँगबो. दोरी चढवल्यावर इंग्रजी 'डी' अक्षरासारखा दिसणारा, अरुंद आणि जाड लिम्बचा, मुठीवर नुसते चामडे असलेला. त्याची ओढ इतकी सारखी वाढते की शेवटचा इंच कुठे आला हे हाताला कळत नाही, आणि बोटे तर चेपलीच जात नाहीत. लांबीमुळे मुठीचा लहानसहान पीळ तो पोटात घालतो. सुटताना आवाजही कमी. मात्र त्याला दोन अटी आहेत. लाँगबोचे शेल्फ मध्यरेषेपर्यंत कापलेले नसते, त्यामुळे सुटलेला बाण मुठीला वळसा घालून जातो आणि त्यासाठी तो त्याच ताकदीच्या रिकर्व्हच्या बाणापेक्षा थोडा अधिक लवचीक असावा लागतो. रिकर्व्हसाठी घेतलेले कडक कार्बन बाण त्यावर लावले की ते एका बाजूला जात राहतात आणि नवखा माणूस आपल्या नेमाला दोष देत बसतो. दुसरी अट म्हणजे बाण सुटल्यानंतर हाताला बसणारा धक्का. सरळ लिम्बचे धनुष्य तो देतेच. ज्यांचे लिम्ब मुठीजवळ आत आणि टोकाकडे किंचित बाहेर वळवलेले असतात, त्या रिफ्लेक्स-डिफ्लेक्स लाँगबोमध्ये धक्का कमी आणि वेग थोडा जास्त मिळतो. दुकानात तसा नमुना नव्हता.

धनुष्य लांब का असते, याचे उत्तर पूर्वी सामग्रीत होते. नुसत्या लाकडाचे किंवा बांबूचे धनुष्य आखूड करून फार ओढले तर ते पोटाच्या, म्हणजे धनुर्धाऱ्याकडच्या, बाजूने चुरते किंवा पाठीकडून फाटते. म्हणून लाकडी धनुष्याची लांबी ओढीच्या दुपटीहून जास्तच ठेवावी लागते. १५४५ मध्ये बुडालेल्या आणि १९८२ मध्ये वर काढलेल्या 'मेरी रोज' या इंग्रजी युद्धनौकेवर सापडलेली यू नावाच्या झाडाच्या लाकडाची धनुष्ये सहा फुटांहून लांब आहेत. जिथे माणसाला घोड्यावरून बाण सोडायचा होता तिथे शिंग, लाकूड आणि स्नायुतंतू एकत्र चिकटवून धनुष्य आखूड केले गेले. विसाव्या शतकाच्या मध्यावर फायबरग्लास आले आणि त्याने लाकडाची ही मर्यादा जवळजवळ पुसून टाकली. शिकारी रिकर्व्ह इतके आखूड करता आले ते त्यानंतरच. ठाणे-पालघरच्या वारली आणि कातकरी पाड्यांवरचा तीरकमठा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना एकाच बांबूत सगळे कसे बसवतात हे ठाऊक असेल. दुकानात तो विक्रीला नाही, पण राष्ट्रीय स्पर्धांमधील 'इंडियन राउंड'साठी लागणारी बांबूची धनुष्ये मागणीनुसार आणून देतात.

घोडेस्वारी पद्धतीचे पन्नास-बावन्न इंची धनुष्यही भिंतीवर टांगलेले होते. ते इतके आखूड असूनही चालते, कारण त्याची कडक टोके तरफेसारखी काम करतात आणि दोरी अंगठ्याने, त्यावर अंगुलीत्र (कडी) घालून ओढायची असते, त्यामुळे बोटे चेपण्याचा प्रश्नच येत नाही. तीन बोटांनी ते ओढणाऱ्याने ५८ इंचीविषयी वर लिहिलेले सगळे दुप्पट करून घ्यावे. ती पद्धत शिकवणारा कोणी भेटेपर्यंत ते भिंतीवरच शोभते.

आता दुकानाची सेवा. काही बाबतींत ती उत्तम आहे. हात पाहण्याआधी डोळा पाहतात: दोन्ही तळव्यांची लहान त्रिकोणी खिडकी करून तिच्यातून लांबच्या दिव्याकडे पाहायला लावतात आणि एकेक डोळा मिटवून कोणता डोळा प्रबळ आहे ते ठरवतात. उजव्या हाताने लिहिणाऱ्या पण डाव्या डोळ्याने पाहणाऱ्या माणसाला डाव्या हाताचे धनुष्य सोयीचे पडू शकते, हे कळायला याहून सोपा मार्ग नाही. धनुष्याबरोबर दोरी चढवण्याचा स्ट्रिंगर देतात आणि तो वापरून दाखवतात. पाय आत घालून धनुष्य वाकवण्याच्या जुन्या पद्धतीने रिकर्व्हचे लिम्ब पिळले जातात, म्हणून हा साधा दोरीचा तुकडा नाकारू नये. ब्रेस हाइट, म्हणजे दोरीपासून मुठीपर्यंतचे अंतर, स्वतः मोजून देतात. ६२ इंचीसाठी त्यांनी ते पावणेआठ इंचांवर आणले, आणि ते कमी झाले तर दोरीला पीळ देऊन कसे वाढवायचे हे भाच्याकडून करवून घेतले. बाण न लावता दोरी सोडायची नाही, ही ताकीद भिंतीवर मोठ्या अक्षरांत मराठीत आणि हिंदीत लिहिलेली आहे. तशी रिकामी दोरी सुटली तर सगळी ऊर्जा लिम्बमध्येच राहते आणि ते तडकतात.

उणिवांमध्ये पहिली म्हणजे किमती कुठेच लावलेल्या नाहीत. आयात मालाचे दर प्रत्येक खेपेला बदलतात हे मान्य, तरीही फळ्यावर आजचा दर लिहायला काय हरकत आहे? विचारले की सांगतात, पण आधी कोणता ग्राहक आला आहे याचा अंदाज घेऊन सांगत असावेत, असा संशय येतो. दुसरे, डाव्या हाताची धनुष्ये जवळजवळ नाहीत. डोळा तपासून ग्राहकाला 'तुम्हाला डाव्या हाताचे लागेल' असे सांगायचे आणि मग महिनाभर थांबा म्हणायचे, हे विचित्र वाटते. तिसरे, २५ पौंडांखालचे लिम्ब फक्त ओढून पाहायला ठेवले आहेत, विकायला नाहीत. अगदी नवख्या माणसाने, विशेषतः मुलांनी आणि हलक्या बांध्याच्या स्त्रियांनी, तिथूनच सुरुवात करायला हवी. चौथे, तिथे मिळणारे तयार बाण बहुतेक प्लॅस्टिकच्या पिसांचे आहेत. शेल्फवरून बाण सोडायचा तर पक्ष्याचे पीस हवे, ते लाकडाला घासताना दबते. प्लॅस्टिक दबत नाही, आपटते, आणि बाणाची शेपटी उडवते. आमच्या आग्रहावरून त्यांनी पिसांचे सहा बाण बांधून दिले, पण त्यासाठी पुन्हा यावे लागले.

पिसांचा प्रश्न आपल्याकडे पावसाळ्यामुळे आणखी अवघड होतो. जून ते सप्टेंबर ती ओलावा धरून चपटी होतात. पिसांवर जलरोधक पूड किंवा फवारा मारावा, आणि भाता उघड्या खिडकीपासून दूर ठेवावा. दमट हवेत नुसत्या लाकडाचे धनुष्य ओल धरून मऊ पडते आणि त्याची ताकद घटते, तर फायबरग्लासच्या धनुष्याला तसा त्रास होत नाही. फायबरग्लासच्या धनुष्याचा खरा शत्रू ऊन आहे. एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीच्या डिकीत ठेवलेल्या धनुष्याचे थर सुटू शकतात, कारण ते जोडणारा गोंद उष्णतेने सैल होतो. एकसंध धनुष्य घरी ठेवताना दोरी उतरवून दोन खुंट्यांवर आडवे ठेवावे, कोपऱ्यात एका टोकावर टेकवून ठेवू नये.

भाच्याने शेवटी ६२ इंची रायझर आणि ३० पौंडांचे लिम्ब घेतले. साडेसव्वीस इंचांना ते २६ पौंडांच्या आसपास भरतात, आणि त्या जोरावर तो पंचेचाळीस मिनिटे खांदा न उचलता बाण सोडू शकतो. ५८ इंचीचा नाद त्याने पूर्ण सोडला आहे असे मात्र नाही. ज्याची ओढ २८ इंच किंवा त्याहून जास्त आहे, त्याने याच दुकानात ६२ ऐवजी ६६ किंवा ६८ इंची धनुष्य मागावे. २५ च्या आत असलेल्याने ६० इंची पाहायला हरकत नाही. ज्याच्याकडे स्वतःची गाडी आहे, लोकलचा प्रश्न नाही आणि एकाच धनुष्याला धरून राहण्याची चिकाटी आहे, त्याने लाँगबो ओढून पाहिल्याशिवाय निघू नये. जाताना आपले जुने बाण असतील तर बरोबर न्यावेत, कारण कोणते धनुष्य त्यांना चालेल हे तिथे बटावर लगेच दिसते. आणि दुपारी चारनंतर जावे. त्याआधी शेजारच्या कारखान्याचा माल चढत-उतरत असतो आणि मागची पट्टी बंद ठेवलेली असते.